करड्या मुळीचा दुसरा तुकडा

४ जानेवारी

धाकट्या,

गेल्या वर्षी पाठवलेले आशीर्वाद संपले नसतील तर तेच वापर, नवे लिहायला हात मोकळा नाही. अक्षर कोंबडीनं पाय दिल्यासारखं दिसेल, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि मी डाव्यानं लिहितेय. लॉन्ड्रीतल्या रोलरमध्ये सापडला. तीस वर्षं त्या रोलरवर हॉस्पिटलच्या चादरी सोडतेय, एक दिवस लक्ष नव्हतं. हाताखालच्या बायका मला अजून तितक्याच घाबरतात, तेव्हा तू काळजी करू नकोस.

पत्राचं कारण मधला आहे. तू त्याला पाहिलंस तेव्हा खाणीतल्या स्फोटाला दोन आठवडे झाले होते, डोक्याला पट्टी होती आणि तुझ्याकडे बघून तो हसत होता. तू म्हणालास, थोडक्यात निभावलं. निभावलेलं नाही. दगडाची एक कपची आत राहिली आहे, ती काढता येत नाही, आणि महिन्यातून दोन-तीनदा ती कपचीच घरात राहायला येते. आधी तो डावा कान चोळायला लागतो. मग समोरचं माणूस कोण आहे हे त्याला कळेनासं होतं.

नोव्हेंबरात वरच्या मजल्यावरचा घड्याळजी नळ गळतो म्हणून सांगायला खाली आला. मधल्यानं त्याला जिन्याच्या कठड्यावर आपटलं. खांद्याचं हाड मोडलं, ते जुळेल. पण तो पडल्यावर मधला त्याच्या उजव्या मनगटावर पाय देऊन उभा राहिला आणि सगळं वजन टाकलं. मी आत भांडी घासत होते, तो आवाज मला नळाच्या धारेतूनही ऐकू आला. घड्याळजीचं उजवं मनगट, धाकट्या. अर्ध्या तासानं मधला भानावर आला, पायऱ्यांवरचं रक्त बघितलं आणि मुकाट्यानं गरम पाण्याची बादली घेऊन पुसायला बसला. मी म्हटलं, "अरे, रक्ताला गार पाणी, गरमानं डाग बसतो." तेव्हा तो लहान मुलासारखा रडला.

मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं असं की तिसरी तक्रार आली की त्याला हॉस्पिटलमागच्या बंद इमारतीत ठेवावं लागेल, कायमचं. एक तक्रार झाली. त्या इमारतीचे कपडे माझ्याकडेच येतात. बटणं नसलेले सदरे, दातांनी चावलेल्या कॉलरी, पट्ट्या पट्ट्या फाडलेल्या चादरी. तिथून माणूस बाहेर येताना मी अजून पाहिलेला नाही.

गोळ्या देतात. तीन दिवस लाळ गाळत झोपतो आणि उठतो तो दुप्पट पेटून. तू जगभरच्या नशांचा अभ्यास करतोस. आई म्हणायची, घरात एक तरी व्यसनी निघाला, तोही कागदावरचा. तर तुझ्या त्या कागदांत माणसाचा राग उतरवणारं काही आहे का? असेल तर सांग, नसेल तरी सांग. वाट बघायला लावू नकोस.

ताई

१५ जानेवारी

ताई,

नमस्कार, आणि रागवू नकोस. पत्र वाचून काळजी वाटली आणि, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. वीस वर्षांत घरातल्या कुणी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं. एरवी तुम्ही सगळे मला वाळकी पानं चिकटवणारा कारकूनच समजता.

आमच्या संग्रहालयाचा हा विभाग म्हणजे एक लांबलचक खोली, भिंतभर लाकडी खण, खणांत चार हजारांवर कार्डं, आणि कपाटांत मेणानं बंद केलेल्या बरण्या. प्रत्येक कार्डावर पाच रकाने: झाड, भाग, कृती, परिणाम, वेळ. माणूस कुठल्याही मुलखात गेला तरी पाणी शोधतो, सरपण शोधतो आणि मग शुद्ध हरपेल असं काहीतरी शोधतो. या तिसऱ्या शोधाचा हिशेब माझ्याकडे आहे.

पण नशेनं राग उतरतो असं म्हणणं धाडसाचं आहे. एका बेटावरचे लोक लढाईआधी एका शेंगेचं बी चघळत. पोटातून भाला आरपार गेलेला माणूस तसाच पुढे चालत गेला, दोघांचे गळे दातांनी फोडले आणि मग पडला, असं एका खलाशानं लिहून ठेवलंय. तेच बी शेजारच्या बेटावर घरात कुणी मेलं की देतात, मोकळं रडता यावं म्हणून. एकच बी, इकडे कत्तल, तिकडे रडणं. असं का, हे मला अजून उलगडलेलं नाही.

तुला हवं तसं एकच आहे, करडी मुळी. नऊ वर्षांपूर्वी मी डोंगरापलीकडच्या मेंढपाळांकडे अकरा दिवस राहिलो होतो. कुरणांवरून त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या खून पडतात. खून करून आलेल्या पुरुषाला ते थेट घरात घेत नाहीत. आधी ही मुळी उगाळून पाजतात आणि दगडी बांधावर उन्हात बसवतात. सहा-सात तास तो जागचा हलत नाही, आणि उठतो तो निवलेला. मी असे चार जण पाहिले. एकाच्या कोपरापर्यंत रक्त वाळलेलं होतं आणि तो गोगलगायीसारखा बसला होता. त्यांच्या घरच्या बायका मात्र शेजारी बसून इतकी बडबड करत होत्या की त्या पुरुषांच्या तोंडून काय येतं ते मला निम्मंही टिपता आलं नाही. अजून राग येतो आठवलं की.

हे फक्त माहितीसाठी. मुळी कुलपात आहे, बरणीला शिक्का आहे, आणि मी डॉक्टर नाही. गोळ्या चालू ठेव. रोलरपासून जप.

धाकटा

२ फेब्रुवारी

धाकट्या,

दुसरी तक्रार झाली. विजेचा मीटर बघायला आलेला माणूस. मधला कान चोळत होता, मी दार लावून घ्यायला धावले, तेवढ्यात त्या बिचाऱ्यानं डोकं आत घातलं. मधल्यानं दाराच्या फटीत त्याचं डोकं धरलं आणि दार लावलं. तीनदा. मी ओल्या चादरी ढवळायचा दांडका मधल्याच्या पाठीत घातला तेव्हा कुठे दार सैल झालं. तो माणूस खाली बसला तेव्हा त्याचा कान नुसत्या कातडीवर लोंबत होता आणि तो मला परत परत विचारत होता, "बाई, मी काय केलं?"

आता खरं सांगते. रोलरमध्ये कधी कुणाचा हात जात नाही, त्याला जाळी असते. तू भाबडा आहेस म्हणून विश्वास बसला. माझा हात मधल्यानं मोडला. खालचे दोन दातही गेले, ते पत्रात दिसत नाहीत म्हणून लिहिले नव्हते. पोटात लाथ बसली होती, चार दिवस रक्त पडलं. मी तोंड उघडलं असतं तर ती तक्रार मोजली गेली असती, म्हणून रोलरच्या डोक्यावर खापर फोडलं.

तू म्हणशील, मग जाऊ दे त्याला बंद इमारतीत. महिन्यातले सत्तावीस दिवस तो माझ्याबरोबर लॉन्ड्रीत येतो, चादरीची दोन टोकं धरतो, माझी धरून होईपर्यंत थांबतो, आणि म्हणतो, "ताई, तू बस, मी करतो." त्या सत्तावीस दिवसांच्या माणसाला मी तीन दिवसांच्या माणसापायी कोंडू का?

मुळी पाठव. कुलूप आणि शिक्का मला सांगू नकोस. तुझ्या बरणीत ती नऊ वर्षं निवांत पडली आहे आणि इथं मी रोज सकाळी उठल्यावर आधी माझ्या भावाचा कान बघते.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामावर गेलो नाही. मग गेलो आणि बरणीचं मेण फोडलं. सोबत दोन तुकडे आहेत, कार्डाची नक्कल आहे. रविवारी सकाळी दे. दोन तुकड्यांत महिन्याचं तरी अंतर ठेव. सुऱ्या, कात्र्या घराबाहेर काढ, मेंढपाळही माणसाची हत्यारं आधी काढून घेतात.

एक विनंती आहे. सोबतचा छापील फॉर्म भर. दर अर्ध्या तासाला त्याची नाडी मोज आणि तीन प्रश्न विचार: तुझं नाव काय, मी कोण, आपण कुठे आहोत. उत्तरं जशीच्या तशी लिही. मेंदूला इजा झालेल्या माणसावर या मुळीची नोंद जगात कुणाकडेही नाही, माझ्या ग्रंथात त्यासाठी एक प्रकरण मोकळं आहे. भावाला बरं वाटावं ही इच्छा आधी आणि प्रकरण नंतर, हे काय वेगळं सांगायला हवं? पण लिहिताना ते मला सांगावंसं वाटलं खरं.

तुझ्या हाताबद्दल काय लिहू? मला तू सांगायला हवं होतंस. मी विचारायला हवं होतं.

धाकटा

१२ मार्च

धाकट्या,

तुझ्या तोंडात साखर पडो. तीन आठवडे झाले, कानाला हात नाही.

रविवारी सकाळी दिली. कडू असावी, कारण त्यानं माझ्या स्वैपाकाला ठेवतो ती नावं ठेवली. तासाभरानं डोळे मोठे झाले आणि तो खिडकीशी टेकून बसला. मी फॉर्म घेऊन समोर. तुझे तीन प्रश्न विचारले. नाव सांगितलं. मी कोण, तर म्हणाला, "ताई. अजून कोण असणार, सारखं काय विचारतेस." ते तसंच लिहिलंय, रकान्यात मावलं नाही म्हणून समासात लिहिलंय. तुझे रकाने मुंग्यांसाठी केले आहेस का?

अर्धा अर्धा तास गप्प बसणं माझ्या रक्तात नाही हे तुला माहीतच आहे. मी बोलत सुटले. लॉन्ड्रीतल्या बायका, आईचा दमा, तू लहानपणी शाई प्यायलास ते. सहा तास बोलले, घसा बसला. आणि मध्येच तोही बोलायला लागला. स्फोटाचं, धाकट्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. सुरुंग वेळेआधी उडाला तेव्हा त्याच्या पुढे दोघं होते. धूळ खाली बसल्यावर त्याला जोडीदाराचा हात सापडला, बोटांत सिगारेट, ती पेटलेलीच होती. दुसऱ्याचं काहीच सापडलं नाही, पण त्याचा आवाज येत राहिला. कुठून येतो ते कळेना. मधला दगड उपसत राहिला, नखं निघाली तरी, आणि मग आवाज थांबला. हे तो सांगत होता आणि मी त्याचे पाय चेपत होते.

संध्याकाळी उठला, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि वर जाऊन घड्याळजीच्या दारात हात जोडून उभा राहिला. घड्याळजीनं दार लावून घेतलं, ते बरोबरच आहे. पण मधला खाली येऊन म्हणाला, "लावू दे. मी उद्या पुन्हा जाईन."

फॉर्म सोबत आहे. दुसरा तुकडा डब्यात जपून ठेवलाय.

ताई

२० मार्च

ताई,

पत्र तीनदा वाचलं. तुझा हात माझ्या हाती असता तर प्लास्टरसकट त्याला नमस्कार केला असता.

पण आता तुझा धाकटा म्हणून नाही, अभ्यासक म्हणून बोलतो, ऐकून घे. फॉर्मचा मला काही उपयोग नाही. तू सहा तास बोललीस. मग त्यातलं मुळीचं काम किती आणि तुझ्या गप्पांचं किती, हे ओळखायचं कसं? उद्या कुणी म्हणेल, बहिणीनं पाय चेपले म्हणून निवला. मेंढपाळांकडे माझं नेमकं हेच झालं, बायकांच्या कलकलाटात सगळ्या नोंदी नासल्या.

म्हणून दुसऱ्या वेळी अजिबात बोलू नकोस. प्रश्नसुद्धा नकोत. पडदे ओढून घे, त्याच्यापासून लांब बस, आणि तो काही बोलला तरी उत्तर देऊ नकोस. त्याचे शब्द आणि वेळ, एवढंच लिही. तुला हे जड जाईल, जन्मात प्रथमच गप्प बसायचंय. पण मुळीचा निव्वळ गुण असा कागदावर आला तर मी तो मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवू शकेन. माझ्या नावाला तिथे वजन आहे. ते रीतसर औषध म्हणून मान्य करतील, आणि बंद इमारतीची टांगती तलवार कायमची जाईल. नुसतं "तो बरा वाटतोय" एवढ्या बोलण्यावर ते तिसऱ्या तक्रारीची अट विसरणार नाहीत.

एकच रविवार, ताई. मधल्यासाठी.

धाकटा

१६ एप्रिल

ताई,

हॉस्पिटलच्या कार्यालयातून चार ओळींचं पत्र आलं. घरात झटापट, भावाचा मृत्यू, बहीण गंभीर जखमी, उपचार चालू. कुणाची झटापट, कशामुळे, काही नाही. मी तीनदा फोन केला, दर वेळी सांगतात की बाई बोलू शकत नाहीत.

मधला गेला हे मला अजून खरं वाटत नाही. तू जगशील ना, एवढंच कुणाकडून तरी कळव.

आणि एक. माझी पत्रं, तो फॉर्म, डब्यात काही उरलं असेल तर ते, सगळं जाळून टाक. मुळी शिक्का फोडून बाहेर काढली हे इथं कळलं तर माझी धडगत नाही. पोलिसांना काही सांगितलं असशील तर मला आधी कळव. हे आत्ता लिहिणं बरं नाही हे मला समजतं. पण मी फार घाबरलोय.

धाकटा

२९ एप्रिल

धाकट्या,

जिवंत आहे. नळी चेपली आहे, घशातून हवा जाते पण आवाज निघत नाही. निघणारही नाही म्हणतात. म्हणून सगळं लिहूनच सांगते, तुलाही आणि पोलिसांनाही. पोलिसांना "मी मारलं" एवढं लिहून दिलं. माझा गळा बघून त्यांनी पुढे फारसं विचारलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी सवयीनं तिसरी तक्रार नोंदवून घेतली.

आता झालं ते ऐक. सात एप्रिल, रविवार. तू सांगितलंस तसं केलं. पडदे ओढले. सुऱ्या, कात्र्या शेजारी दिल्या. तो खिडकीशी बसला आणि मी पलीकडच्या भिंतीला, कपडे इस्त्री करायच्या टेबलाजवळ, मांडीवर फॉर्म घेऊन. दहा वाजता तुकडा दिला. अकरापर्यंत तो नुसता पडद्याकडे बघत होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी म्हणाला, "ताई, आहेस ना?" मी लिहून घेतलं.

अकरा-वीसला म्हणाला, "ताई, बोल ना गं. मला दिसत नाहीयेस तू." डोळे माझ्यावरच होते, धाकट्या. माझ्या तोंडाकडे बघून तो मला हाक मारत होता. मी ओठ दातांत धरले आणि लिहून घेतलं.

अकरा-तीसला पुन्हा म्हणाला, "आहेस का?" आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं मनात, अजून चार तास, मग तुला कुणी कोंडणार नाही. आणि लिहून घेतलं.

मग त्यानं विचारणं सोडलं. थोड्या वेळानं म्हणाला, "कोपऱ्यात कोण बसलंय? ताईला काय केलंस?" हे शेवटचं लिहिलेलं आहे, अर्धं.

त्यानं मला केसांना धरून उचललं आणि टेबलाच्या कडेवर तोंड आपटलं. नाक मोडलं, रक्त घशात उतरलं. मग खाली पाडून छातीवर गुडघा दिला आणि दोन्ही अंगठे गळ्यात रोवले. तो माझ्या तोंडावर ओरडत होता, "ताई कुठे आहे? ताई कुठे आहे?" मला कळलं होतं की एक शब्द पुरेल. नुसतं "मधल्या" म्हटलं असतं तरी तो थांबला असता. पण त्याचेच अंगठे त्या शब्दावर होते. माझ्यासाठीच तो माझा गळा दाबत होता.

टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर हाताला लागली. ओढली, इस्त्री खाली आली. पहिला घाव कानशिलावर घातला, तो हललाही नाही. दुसरा, तिसरा. माझ्या डोळ्यांत त्याचं रक्त आलं, काही दिसेना, आवाजावर मारत राहिले. चौथ्याला अंगठे सुटले आणि तो बाजूला कलंडला. त्यानंतर मी पाचवा घाव घातला. पाचव्याची गरज नव्हती. तो मी का घातला हे मला कुणी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.

तू म्हणतोस जाळून टाक. तुझी पत्रं जाळली, कारण ती वाचवत नाहीत. फॉर्म जाळलेला नाही, सोबत पाठवतेय. खालच्या अर्ध्या भागावरचं रक्त दोघांचं आहे, वेगळं करता येत नाही. तुझ्या प्रकरणात घाल नाहीतर चुलीत.

मला एकच कळव. मुळी तीच, खोली तीच, भाऊ तोच. पहिल्या वेळी तो निवला आणि दुसऱ्या वेळी नाही. का? तू शिकलेला आहेस. मला खरं उत्तर हवं.

ताई

९ मे

ताई,

उत्तर माझ्याकडे नऊ वर्षं होतं.

फॉर्म आल्यावर मी त्या प्रवासाची मूळ वही काढली. कार्ड बनवल्यावर वही कुणी उघडत नाही, मीही उघडली नव्हती. चौथ्या दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलंय. मेंढपाळांतल्या एका म्हातारीनं मला सांगितलं होतं की मुळी प्यालेल्या माणसाला चेहरे दिसेनासे होतात, फक्त ओळखीचा आवाज राहतो, त्या आवाजाला धरून तो परत येतो. म्हणून घरच्या बाईनं सूर्य मावळेपर्यंत बोलत राहायचं, काहीही, मेंढ्यांचं, पावसाचं. आवाज तुटला की तो समजतो, आपल्या माणसाला कुणीतरी मारलं, आणि जो दिसेल त्याच्यावर दगड उचलतो. म्हातारीनं मला बांधाजवळ दगडांचा एक ढीगही दाखवला. त्याखाली तिची सून होती. नवऱ्याशी बोलता बोलता तिचा डोळा लागला होता.

याच्या खाली मी लिहिलंय: "म्हातारी बडबडी, विषय सोडून बोलते. लोकसमजूत. कार्डावर नको."

कार्डाला पाच रकाने आहेत ताई, शेजारी बसणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही. झाडात काय आहे तेवढंच मी आयुष्यभर मोजलं. ते चार खुनी त्या बायकांच्या बोलण्यावर तरले होते, आणि मला त्या बायकांचा राग येत होता. तू पहिल्या वेळी न सांगता, न शिकता तेच केलंस. मी तुला गप्प केलं.

वही आणि फॉर्म दोन्ही मी परवा संग्रहालयाच्या प्रमुखांपुढे ठेवले. शिक्का कुणी फोडला तेही सांगितलं. त्यांनी वही वाचली, फॉर्म वाचला, आणि उठून खिडकी उघडली. मला काढून टाकलं आहे, चौकशी व्हायची आहे. जाण्याआधी एक काम करू दिलं, करड्या मुळीचं कार्ड मी नव्यानं लिहिलं. आता त्यावर रकाने नाहीत, म्हातारीचं बोलणं आहे आणि खाली मधल्याचं मरण आहे.

मधल्याला तू मारलं नाहीस. इस्त्री तुझ्या हातात होती एवढंच. मी क्षमा मागत नाही, ती मागायलाही तोंड लागतं. फक्त मला येऊ दे. चादरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल.

धाकटा

२० मे

धाकट्या,

पत्र वाचलं. दोन दिवस फाडून टाकावं असं वाटत होतं, मग म्हटलं, कागदाचा काय दोष.

तुला माफ केलेलं नाही. म्हातारीनं तोंडानं सांगितलं, दगडांचा ढीग डोळ्यांनी दाखवला, तरी तू ते कार्डातून गाळलंस. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं तुझं तोंडही पाहिलं नसतं. मला ते परवडत नाही, दोन भाऊ होते, आता एकच आहे. तेव्हा ये. खिडकीजवळ नको, स्वैपाकघरात अंथरूण घालेन.

येण्याआधी एक नीट समजून घे. मला आत ये म्हणता येत नाही, कोण आहे म्हणून विचारता येत नाही. दार उघडंच असेल. तू दारात येऊन गप्प उभा राहू नकोस. रस्त्याच्या कोपऱ्यापासून बोलायला लाग आणि बोलतच आत ये. गाडीला उशीर झाला म्हण, ऊन फार आहे म्हण, तुझ्या त्या बरण्यांचं सांग, मला ऐकू येईल असं मोठ्यानं. मध्ये थांबू नकोस, श्वास घ्यायलासुद्धा नाही.

गुरुवारी लॉन्ड्रीतली एक बाई माझ्यासाठी जेवणाचा डबा घेऊन आली होती. मला झोप लागली असेल, उठवायला नको, म्हणून बिचारी काही न बोलता दारात उभी राहिली. तिला कपाळावर नऊ टाके पडले.

ताई